सायकल संपल्यावर साईज टिकवायची कशी: क्रूझ, जिमची पीसीटी की डॉक्टर?

कुडाळ-कणकवली पट्ट्यात शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा आटोपल्या की महिन्या-दोन महिन्यांत माझ्याकडे एकच प्रश्न येतो. "दादा, सायकल बंद केली. अंग उतरायला लागलंय. काय करू?" सायकल म्हणजे अंग भरावं म्हणून काही आठवडे घेतलेला स्टेरॉइडचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनच्या सुया-गोळ्यांचा, कोर्स. विचारणारा बहुतेक पंचविशीतला असतो आणि तोवर त्याला दोन सल्ले मिळालेले असतात. एक जण म्हणतो, बंदच करू नकोस, थोड्या डोसवर चालू ठेव. हीच क्रूझ. दुसरा पीसीटीच्या (पोस्ट सायकल थेरपी, सायकलनंतर शरीराचं स्वतःचं हार्मोन जागं करायच्या) गोळ्यांची पट्टी हातात देतो. रक्त तपासून डॉक्टरकडे जा, असं फारसं कुणी सांगत नाही. मी स्टेजवर उतरायचो तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

वाट निवडण्याआधी नेमकं काय उतरतं ते बघ. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काट्यावर जे कमी होतं त्यात बरंचसं पाणी असतं. ते जाणारच, त्यासाठी घाबरून काही घेऊ नकोस. राहिलेल्या स्नायूंबद्दल १९९६ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. दहा आठवड्यांत नुसता व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे २ किलो वाढलं, व्यायाम न करता टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं ३ किलो आणि दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलो. म्हणजे वाढीचा मोठा हिस्सा औषधाच्या आधारावर उभा असतो. आधार गेल्यावर तुझं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन, जेवण आणि जिममधली वजनं मिळून जेवढं पेलतील तेवढंच राहतं. म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न दंडाच्या मापाचा नाही. तुझं शरीर स्वतःचं हार्मोन पुन्हा कधी बनवायला लागेल, हा आहे.

मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडते. त्यांच्या निरोपावर वृषणं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवतात. बाहेरून सुई आली की हा निरोप थांबतो. सुई बंद केल्यावर तो लगेच सुरू होत नाही. काहींना तीन-चार महिने लागतात, काहींना वर्ष, आणि सायकली जितक्या लांब तितका उशीर.

आता क्रूझ. नुसती साईज मोजायची तर तीच जिंकते, हे मी लपवणार नाही. पण तिच्यात निरोप कधीच सुरू होत नाही. रक्त घट्ट होत जातं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रुग्णाचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवतात. जिममध्ये क्रूझवर असलेल्या पोराने ते मोजलेलंही नसतं. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, खाली येतं, रक्तदाब वाढतो, वर्षानुवर्षं चाललं तर हृदयाची भिंत जाड होते. मे महिन्यात लग्न ठरलेला मुलगा क्रूझवर असला तर मी त्याला घरी बोलावून समजावतो, कारण शुक्राणू जवळजवळ शून्यावर आलेले असू शकतात आणि पुढे पाळणा हलला नाही की बोल त्याच्या बायकोला लागतो. ते मला बघवत नाही.

जिमची पीसीटी पूर्ण खोटी नाही. क्लोमिफीन आणि टॅमॉक्सिफेन ही खरी औषधं आहेत. ती मेंदूकडचा इस्ट्रोजेनचा इशारा अडवतात, त्यामुळे एलएच वाढू शकतं, आणि पुरुषांच्या वंध्यत्वात डॉक्टरही ती वापरतात. घोळ आंधळेपणाचा आहे. लांब पल्ल्याचं इंजेक्शन शेवटच्या सुईनंतरही कित्येक आठवडे रक्तात असतं आणि तोवर गोळ्या गिळून फारसं काही होत नाही. एचसीजीची, म्हणजे एलएचसारखं काम करणाऱ्या हार्मोनची, सुई वृषणांना थेट जागं करते, पण मेंदूचा निरोप उलट दाबून ठेवते. क्लोमिफीनने कुणाची नजर धूसर होते, टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. शिवाय ही चिठ्ठीवर मिळणारी औषधं हातोहात आलेली असली तर पट्टीत काय आहे ते कोण सांगणार? मी स्वतः चार आठवडे गोळ्या घेतल्या, अंग हलकं वाटलं म्हणून सगळं ठीक झालं असं धरलं आणि वजनं वाढवत गेलो. सहा महिन्यांनी पहिल्यांदा रक्त तपासलं तेव्हा एलएच तळाशीच होतं. ते सहा महिने मी घरच्यांवर नुसता खेकसत होतो.

डॉक्टरची वाट हळू आहे आणि साईज थोडी जातेच. एंडोक्रायनोलॉजिस्टसाठी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरसाठी, आपल्याकडून कोल्हापूर गाठावं लागतं, सावंतवाडीकडच्यांना गोव्यात बांबोळी जवळ. पण इथे अंदाजावर काही चालत नाही. टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन, सीबीसी, लिपिड, लिव्हर, किडनी आणि मूल हवं असेल तर वीर्यतपासणी, एवढं पाहिल्यावरच डॉक्टर ठरवतात, नुसतं थांबायचं की क्लोमिफीनसारखं काही द्यायचं. म्हणजे तीच गोळी इथेही मिळू शकते, फक्त कारण कळून आणि मोजून. नेदरलँड्समध्ये सायकल करणाऱ्या १०० हौशी पुरुषांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. बहुतेकांचं टेस्टोस्टेरॉन काही महिन्यांत जागेवर आलं, शुक्राणूंना काहींच्या बाबतीत जास्त वेळ लागला. धीर धरायला हे पुरेसं कारण आहे.

मधल्या महिन्यांत जिममध्ये काय करायचं? वजन तेच ठेव, सेट कमी कर. २०११ च्या एका अभ्यासात तरुणांनी आधीच्या एक-तृतीयांश कामावरही मिळवलेली साईज टिकवली होती. ते औषधावरचे नव्हते, पण दिशा तीच. कटिंग, म्हणजे चरबी उतरवायला जेवण कमी करणं, आता अजिबात नको, पोटभर जेव.

प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅम पुरतं. पंचाहत्तर किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. पाव किलो बांगड्याच्या मासात पन्नास, चार अंड्यांत चोवीस, अर्धा लिटर दुधात सोळा, मूठभर कुळथाच्या पिठीत दहाएक, उरलेलं भात-भाकरीतून. प्रोटीन पावडरचा महागडा डबा लागतच नाही. अडचण १ जून ते ३१ जुलैची, मासेमारी बंद असते तेव्हाची. सुक्या बांगड्यात आणि सुकटीत प्रोटीन भरपूर, पण मीठही तसंच, आणि सायकलनंतर रक्तदाब आधीच चढलेला असू शकतो. सुका बांगडा रात्रभर भिजवून पाणी ओतून टाक किंवा ते दोन महिने अंडी-कुळीथ वाढव. रात्री ट्रॉलरवर जाणाऱ्यांनी दिवसा झोप भरून काढायलाच हवी. आठवडाभर पाच-पाच तास झोपलेल्या तरुणांचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरलेलं मोजलं गेलंय.

आणि मन. टेस्टोस्टेरॉन तळाला असतं तेव्हा काहींना कशातच रस वाटत नाही, काहींना जगणंच नको होतं. तसं झालं तर साईजचा विषय बाजूला ठेव, घरात बोल, १४४१६ वर टेली-मानसला फोन कर. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पहिली-दुसरीच सायकल असेल तर मी डोळे मिटून डॉक्टरची वाट सांगतो. वर्षानुवर्षं क्रूझवर असलेल्यालाही तीच, फक्त त्याने मनाने एकदम बंद करू नये, आधी भेटावं. पट्टी खिशात असेल तर ती न फोडता डॉक्टरला दाखव. काय काय घेतलं, किती दिवस घेतलं, सगळं कागदावर लिही, डॉक्टर पोलीस नाहीत. रक्त कणकवलीत सकाळी उपाशीपोटी, दहाच्या आत देता येतं. रिपोर्ट हातात घेऊनच घाट चढ, म्हणजे एक फेरी वाचेल.