मोटरवालं कुलूप चांगलंय, पण सुतार तुमचा तुम्ही बघा

आधीच सांगतो, घराच्या दाराला लावलेल्या, बोटाने उघडणाऱ्या या कुलपाला ४ स्टार आणि ते बसवायच्या सर्व्हिसला १, तोही आलेला पोरगा बोलायला गोड होता म्हणून. कंपनीचं नाव घालत नाही, कारण ओळखीत ज्यांनी ज्यांनी अशी कुलपं बसवलीत त्यांना विचारलं तर सगळ्यांचं रडगाणं साधारण एकच निघालं. बॉक्स कोणाचाही असो, फिटिंगला येणारा माणूस बाहेरच्या एजन्सीचा आणि त्याला संध्याकाळपर्यंत अजून बरीच घरं उरकायची असतात.

घर डोंबिवलीत, जुनी बिल्डिंग, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर आणि आत सागवानी चौकटीत फ्लश डोअर, त्याला इतकी वर्षं नाइट लॅच. आईबाबा दोघंच दिवसभर घरी, बाबा खाली फिरायला गेले की किल्ली टेबलावर, आई आंघोळीला, मग बाबा जिन्यात बसून मला ऑफिसात फोन करणार. त्यात वाऱ्याने दार आपटून लॅच लागणं हा वेगळाच विषय. म्हणून बोटाने उघडणारं काहीतरी पाहिजेच होतं आणि मी मुद्दाम मोटरवालं घेतलं, साधं डिजिटल नाही.

हा फरक दुकानात कोणी धड सांगत नाही. साध्या डिजिटल कुलपात बोट लावलं की आत हँडलला कुलपाशी जोडणारा क्लच जुळतो, हँडल मात्र तुम्हीच फिरवायचं, आणि बऱ्याच मॉडेलमधे बाहेर जाताना हँडल वर उचलल्याशिवाय पूर्ण लॉक होत नाही, जे आमचे बाबा आयुष्यात करणार नाहीत. मोटरवाल्यात बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा दांडा, मोटरच आत ओढते आणि मोटरच बाहेर ढकलते. दार लोटलं की कडेची एक छोटी जीभ दाबली जाते, त्यावरून कुलपाला कळतं की दार बंद झालं, की लगेच खर्रर्र करून लॉक. लॉक केलं का, केलं का, हे विचारणंच बंद. पण ही मोटर असते एवढीशी, चालते सेलवर, तिच्यात मनगटाचा जोर नाही. लॅच लागत नसेल तर आपण दार खांद्याने रेटतो, हँडल धरून जरा वर उचलतो आणि मग किल्ली फिरवतो, यातलं मोटरला काही येत नाही. बोल्टच्या समोर भोक सरळ रेषेत पाहिजे म्हणजे पाहिजे, नाहीतर ती एकदोनदा धडपडते आणि बोंबलायला लागते. म्हणजे पैसे कुलपाचे देताय असं वाटतं पण सगळी मदार दार आणि चौकटीवर.

आता फिटिंगची कथा. बुकिंग करताना मी दाराचे फोटो, जाडी, आतल्या दारापासून जाळीपर्यंतचं अंतर, सगळं टेप लावून व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं. समोरून अंगठा आला. प्रत्यक्षात पोरगा आला, बॉक्स फोडला, कुलूप दाराला लावून बघितलं तर बाहेरचं हँडल जाळीला टेकतंय, सेफ्टी डोअर बंदच होईना. म्हणाला, 'सर, जाळी जरा बाहेर घ्यायला लागेल.' म्हटलं, कुलपासाठी जाळी हलवू? आपल्याकडे निम्म्या घरांना एकाच चौकटीत दोन दारं असतात, पुढे आलेलं हँडल आणि जाळी यांची टक्कर होणार हे यांना माहीत नसेल असं शक्यच नाही. मग फोनाफोनी, वादावादी, आणि शेवटी कमी पुढे येणारं, बाहेरून हँडल नसलेलं मॉडेल बदलून मिळालं, त्याला मात्र वेळ लावलाच. तेव्हा तुम्ही घेणार असाल तर बाहेरचा भाग दारापासून किती पुढे येतो तेवढा आकडा लेखी मागून घ्या, बाकी फीचर नंतर वाचा.

दुसऱ्या खेपेला खाच पाडली. या कुलपाची पेटी दाराच्या जाडीत आत बसते, त्यामुळे दार पातळ असेल तर दोन्ही अंगाला नुसता पापुद्रा उरतो, आमचं ३८ एमएमचं भरीव म्हणून निभावलं. ड्रिल मारून, पटाशीने साफ करून पेटी बसवली, ते काम खरंच नीट केलं, खोटं कशाला बोलू. पण चौकटीच्या बाजूला घाई केली. बोल्ट जिच्या भोकात शिरतो ती पट्टी मारली, बोल्ट जातोय बघून व्हिडिओ काढला, माझ्याकडून ओटीपी घेतला आणि गेला. रात्रीपर्यंत ठीक. सकाळपासून दर चार वेळांतून एकदा दार लागायचं, बोल्ट अर्धा बाहेर यायचा आणि परत आत, वर तो पीं पीं आवाज. कस्टमर केअरवाली म्हणते अॅपमधून रीसेट करा. केलं. पीं पीं चालूच.

शेवटी आमच्या नेहमीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी अॅप बघितलं नाही की काही नाही. खिशातला खडू काढला, बोल्टच्या टोकाला फासला, दार लोटलं, उघडलं. पट्टीच्या भोकाच्या खालच्या काठावर पांढरी रेघ. म्हणजे बोल्ट दोनेक एमएम खाली घासत होता. वर त्या खाचेत बोट घातलं तर तळाशी लाकडाचा भुसा ठासलेला, त्यामुळे नीट गेलेला बोल्टसुद्धा पूर्ण बाहेर येत नव्हता आणि कुलपाला वाटायचं की काहीतरी अडकलंय. काकांनी भुसा खरवडून काढला, खाच थोडी खोल केली, पट्टी खाली सरकवली, वरच्या बिजागरीचे ढिले स्क्रू काढून लांब मारले. मोटरचा आवाजच बदलला हो. आधी सुकी चटणी वाटताना मिक्सर कण्हतो तसं चालायचं, आता एका दमात खर्रक. हजार रुपये घेतले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, 'आता पावसाळ्यात परत बोलवाल बघा.'

बोलवलंच. जुलैत दार फुगलं, वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं, रंधा मारून घ्यावा लागला आणि उघड्या पडलेल्या कडेला पॉलिशचा हात, नाहीतर तिथूनच परत पाणी पितं. दार घासत असतानाच्या त्या दिवसांत सेलसुद्धा भराभर उतरले, कारण बोल्ट अडला की मोटर जास्त करंट खेचते. बॉक्सवर वर्षभर लिहिलंय, ते गुळगुळीत चालणाऱ्या दाराचं गणित. सेल अल्कलाइनच टाका. चार्जिंगचे टाकू नका, ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, कुलूप पहिल्या दिवसापासून बॅटरी लो म्हणून ओरडत राहतं. साधे स्वस्तातलेही नको, ते पाझरले तर आतला बोर्ड गेला. आईचा पहिला प्रश्न अर्थातच 'अरे, लाइट गेली की आम्ही बाहेरच का?' लाइटचा काही संबंध नाही, आणि सेल पार मेले तरी खाली टाइप सी आहे, पॉवरबँक लावून तेवढ्यापुरतं उघडतं. शिवाय साधी किल्लीही आहे, पण ती घरात ठेवून उपयोग नाही, एक शेजारच्या काकूंकडे दिलीये.

एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. फिटिंगवाला टेस्टिंगला स्वतःचं बोट टाकतो आणि मास्टर पिन १२३४५६ तसाच सोडून जातो. तो गेला की लगेच सगळे यूजर उडवा, पिन बदला, मग घरच्यांची बोटं घाला. आमच्या यादीत 'यूजर ००१' म्हणून त्याचंच बोट होतं.

बोटांचं म्हणाल तर माझं शंभरातून शंभर वेळा घेतं, आईचं भांडी घासून आल्यावर अजिबात नाही, आणि बाबांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. एकाच बोटाचे दोनतीनदा वेगवेगळ्या कोनातून ठसे घेतले तर बरंच सुधारतं. तरी बाबांना शेवटी कार्डच दिलं, चष्म्याच्या केसमधे ठेवतात, केसच टेकवतात, चालतं. मावशींना वेगळा पिन, सकाळच्या वेळेपुरता. पिनच्या मागेपुढे वाटेल ते आकडे दाबता येतात म्हणजे मागे उभ्या माणसाला कळत नाही, हे फीचर मला भारी आवडलं, आईला नाही, ती म्हणते आधीच सहा आकडे पाठ होईनात.

गणपतीत मात्र वैताग. दीड दिवस दार उघडं, माणसांची ये-जा, आणि ऐन आरतीत 'डोअर इज नॉट क्लोज्ड' असं कुलपातली बाई बोलायला लागली. दार उघडंच ठेवायचा मोड असतो तो आधी लावा, आणि आवाज कमी करा. दिवाळीत उंबऱ्याबाहेर रांगोळी काढतानाही तेच, दार लोटलं गेलं तर लगेच लॉक आणि हात रंगाने भरलेले, बोट कुठून लागणार.

अॅप ठीकठाक. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं पकडतं, राउटर ५ वर असेल तर दिसतच नाही. दार कधी उघडलं ते फोनवर येतं, पण ते मी दोन आठवड्यांत बंद केलं, बाबा भाजी आणायला किती वेळा जातात हे मला कळून काय करायचंय. ऑफिसातून दार उघडून देता येतं हे खरं, फक्त आईबाबांनी आतून कडी घातली तर सगळं शून्य. रात्रीची कडी ठेवा, दुपारची सोडा, यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे.

कुलूप साडेसतरा हजाराला पडलं, सुतारकाम धरून वीसच्या आसपास गेलं. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला विचारल्याशिवाय हात घालू नका, दाराला पडलेली खाच परत भरून निघत नाही. जुन्या लॅचचं भोक झाकायलाच मला स्टीलची पट्टी आणावी लागली, आणि कंपनीच्या फिटिंगमधे ती धरलेली नसते.