रुग्णवाहिकेतले शॉर्टफॉर्म शिकायचे कसे? यादी, शब्दांचे तुकडे आणि केसपेपर यांची तुलना

ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) किंवा पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेत रुग्णाची काळजी घेणाऱ्यांच्या कोर्सला प्रवेश घेतला की पहिल्या पंधरवड्यातच शॉर्टफॉर्मचा ढीग समोर येतो. जीसीएस, एसपीओटू, आरटीए, एनबीएम, पीपीएच, एमएलसी. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं निम्मं इंग्रजीत. अमळनेर, शहादा, शिरपूर, चाळीसगाव या भागांतून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींना पहिला प्रश्न पडतो की हे सगळं डोक्यात बसवायचं कसं.

त्याचे तीन मार्ग आहेत. इंटरनेटवरची तयार यादी पाठ करायची, वैद्यकीय शब्दांचे तुकडे शिकून शब्द स्वतः उलगडायचे, किंवा रुग्णाचा केसपेपर ज्या क्रमाने भरतात त्या क्रमाने प्रत्येक शब्द शिकायचा. माझं मत आधीच सांगतो. आपल्या भागात गाडीवर काम करायचं असेल तर सुरुवात केसपेपरपासून करा, जोडीला शब्दांचे तुकडे घ्या आणि यादी शेवटी उजळणीपुरती ठेवा. हा क्रम सगळ्यांनाच लागू होईल असं नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

यादीने शिकणं

यादी फुकट मिळते आणि मोबाईलवर फ्लॅशकार्डचं ॲप टाकलं की बसच्या प्रवासातही उजळणी होते. परीक्षेत 'पूर्ण रूप लिहा' असा प्रश्न आला तर यादीवाल्याचं उत्तर सगळ्यांत आधी तयार असतं. हा फायदा खरा आहे आणि परीक्षा तोंडावर असेल तर तो मोठाही आहे.

अडचण यादी कुठून आली यात आहे. बहुतेक तयार याद्या अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या असतात. त्यांत जीएसडब्ल्यू म्हणजे बंदुकीची गोळी लागल्याची जखम अगदी वर सापडते, पण एएसव्ही, म्हणजे सर्पदंशावरचं प्रतिविष, सहसा सापडत नाही. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला किंवा केळीच्या बागेत नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी काही चावलं तर तुमच्या कानावर पहिल्यांदा एएसव्हीच पडणार. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्याच्या कागदावर 'ओपी पॉयझनिंग' लिहिलेलं असतं. ओपी म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस. रस्त्यावरच्या अपघाताला आपल्याकडे आरटीए म्हणतात, अमेरिकन यादीत त्याला एमव्हीसी किंवा एमव्हीए असतं. उपाशी ठेवा हे सांगायला आपल्याकडे एनबीएम लिहितात, तिकडे एनपीओ. दिवसातून तीनदा म्हणजे आपलं टीडीएस, त्यांचं टीआयडी. गरज पडल्यास द्या याला आपले डॉक्टर एसओएस लिहितात, तिकडे पीआरएन. आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस, हा शब्द इथल्या अपघात विभागात रोज लागतो, पण परदेशी यादीच्या भरवशावर राहणाऱ्याला तो ठाऊकच नसतो.

एकाच शॉर्टफॉर्मचे दोन-तीन अर्थ असतात, ही यादीची दुसरी मोठी उणीव. ओडी आपल्या चिठ्ठीवर दिवसातून एकदा, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर उजवा डोळा, आणि अमेरिकन रुग्णवाहिकेच्या कागदावर औषधाचा अतिरेकी डोस. एलओसी कुणी शुद्ध हरपली म्हणून लिहितं, कुणी शुद्धीची पातळी म्हणून. यादी यातला एकच अर्थ देते आणि मुलं तोच धरून बसतात. कोणता अर्थ घ्यायचा हे आजूबाजूच्या वाक्यावरूनच कळतं, आणि यादीत वाक्य नसतं.

शब्दांचे तुकडे शिकणं

वैद्यकीय शब्द बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांनी बनलेले असतात. पुढे उपसर्ग, मध्ये मूळ, शेवटी प्रत्यय. मराठी शाळेत उपसर्ग-प्रत्यय शिकलेल्या मुलाला ही रचना परकी वाटायचं कारण नाही. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, डिस म्हणजे त्रासदायक, ए म्हणजे नसणं. 'प्निया' म्हणजे श्वास. एवढ्यावर टॅकीप्निया, ब्रॅडीप्निया, डिस्प्निया, एप्निया हे चार शब्द पाठ न करता उलगडतात. 'कार्डिया' जोडलं की टॅकीकार्डिया, ब्रॅडीकार्डिया. हायपो आणि हायपर यांना 'ग्लायसेमिया', 'टेन्शन', 'थर्मिया' जोडत गेलं की आणखी सहा. असे चाळीस-पन्नास तुकडे पक्के झाले की अनोळखी शब्द बघून घाबरायला होत नाही. पुढे पदवी करायची असेल, नर्सिंगकडे वळायचं असेल किंवा वरची परीक्षा द्यायची असेल तर ही मेहनत वर्षानुवर्षं उपयोगी पडते.

पण गाडीवर या पद्धतीने भागत नाही. एक तर शॉर्टफॉर्म त्याने सुटत नाहीत, जीसीएसचे कितीही तुकडे केले तरी हाती काही लागत नाही. दुसरं म्हणजे सारखे वाजणारे शब्द फोनवर घात करतात. धुळ्याहून पारोळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सायरन चालू आहे, ट्रकचे हॉर्न वाजताहेत आणि तुम्ही पलीकडच्या डॉक्टरांना 'हायपो' म्हणालात. त्यांना 'हायपर' ऐकू आलं तर औषध उलटं होईल. अशा वेळी 'साखर अठ्ठेचाळीस' असा आकडा सांगावा. मायोसिस आणि मायड्रायसिस ही जोडीही तशीच. पहिल्यात डोळ्याची बाहुली बारीक झालेली असते, दुसऱ्यात मोठी. फवारणीच्या विषबाधेत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला लाळ सुटते, नाडी मंदावू शकते. तिथे 'दोन्ही बाहुल्या बारीक' एवढं लिहिलं तरी पुरतं. तुकडे समजून घ्यायला उत्तम आहेत, पण बोलताना आणि लिहिताना साधा शब्द आणि आकडा पुढे ठेवायला ही पद्धत शिकवत नाही.

केसपेपरच्या क्रमाने शिकणं

रुग्णवाहिकेत प्रत्येक रुग्णाचा एक फॉर्म भरायचा असतो. कुणी त्याला पीसीआर (पेशंट केअर रिपोर्ट) म्हणतं, कुणी नुसता केसपेपर. त्यातला प्रत्येक रकाना म्हणजे तुम्हाला करायचं एक काम आणि विचारायचा एक प्रश्न. म्हणून शब्द त्याच क्रमाने शिकले की हाताला आणि तोंडाला एकदमच वळण लागतं.

पहिला रकाना शुद्धीचा. त्यासाठी आधी एव्हीपीयू: ए म्हणजे जागा आणि सावध, व्ही म्हणजे हाक मारल्यावर प्रतिसाद, पी म्हणजे दुखावल्यावर प्रतिसाद, यू म्हणजे काहीच नाही. अर्ध्या मिनिटात होतं. त्यानंतर जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. टीझडेल आणि जेनेट या दोघांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळ्यांना (ई) ४ पर्यंत, बोलण्याला (व्ही) ५ पर्यंत, हालचालीला (एम) ६ पर्यंत गुण. एकूण जास्तीत जास्त १५ आणि कमीत कमी ३. शून्य कधीच नसतो, आणि यादीवरून शिकलेली मुलं नेमकी तिथे अडखळतात. नुसती बेरीज लिहू नका, ई, व्ही, एम वेगवेगळे लिहा, कारण बेरीज सारखी असली तरी रुग्ण सारखा नसतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना शेतातून आणलेला माणूस असंबद्ध बोलत असेल आणि अंग भाजत असेल तर उष्माघात ओळखायला हाच रकाना कामी येतो.

मग व्हायटल्स: पल्स म्हणजे नाडी, बीपी म्हणजे रक्तदाब, आरआर म्हणजे श्वासाचा वेग, एसपीओटू म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, तापमान आणि बीएसएल. बीएसएल म्हणजे रक्तातली साखर. हाही आपल्याकडचाच वापर.

त्यानंतर सॅम्पल. हा शब्द सहा प्रश्नांचा आहे: एस, त्रास काय होतो, ए, कशाची ॲलर्जी, एम, चालू औषधं, पी, जुने आजार, एल, शेवटचं कधी आणि काय खाल्लं-प्यायलं, ई, नेमकं काय घडलं. हे प्रश्न रुग्णाच्या बोलीत विचारता आले पाहिजेत. धुळे-अमळनेरकडची आजी 'छातीमा दुखस', 'दम लागस' म्हणेल. यावल-रावेरला लेवा गणबोली कानावर येईल, अक्कलकुवा-धडगावला भिली आणि पावरी. वहीच्या डाव्या बाजूला रुग्ण जसं बोलतो तसं लिहा आणि उजव्या बाजूला फॉर्मवरचा शब्द. भिली-पावरीचे शब्द तिथल्या आशाताईंना विचारून घ्या, त्यांच्याइतकं अचूक कुणी सांगणार नाही. ही वही बाजारात मिळत नाही, आणि इतर दोन्ही पद्धतींत तिला जागाच नाही.

शेवटचा रकाना सोपवणीचा. जखमी रुग्ण ताब्यात देताना मिस्ट हा क्रम वापरतात: कशाने लागलं, कुठे लागलं, आकडे काय, उपचार काय दिले. उदाहरण असं: 'पंचवीस वर्षांचा पुरुष, आरटीए, दुचाकीवरून पडला, हेल्मेट नव्हतं. डोक्याला जखम, उजव्या मांडीला सूज. जीसीएस ई ३, व्ही ४, एम ६, एकूण १३. पल्स ११०, बीपी १००/७०, एसपीओटू ९६. मान स्थिर केली, मांडीला स्प्लिंट, ऑक्सिजन चालू.' एवढ्यात ऐकणाऱ्याला सगळं कळतं. हे रोज एकदा मोठ्याने म्हणायची सवय लावा; मित्राला डॉक्टर करा आणि त्याला उलटे प्रश्न विचारू द्या.

बाळंतपणाची केस आपल्या डोंगराळ भागात वारंवार येते, त्यासाठी वेगळं पान ठेवा. जी ३ पी २ एल २ म्हणजे तिसरी खेप, आधीची दोन बाळंतपणं, दोन मुलं हयात. एलएमपी शेवटच्या पाळीची तारीख, ईडीडी अपेक्षित तारीख, एफएचएस बाळाच्या हृदयाचे ठोके, पीपीएच बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव. झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्याचा रासायनिक शॉर्टफॉर्म मॉर्फीन सल्फेटच्या शॉर्टफॉर्मसारखा दिसतो, म्हणून अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये 'वापरू नका' अशा शॉर्टफॉर्मच्या यादीत दोन्ही घातले. त्याच यादीत युनिटसाठीचा एकटा 'यू' आहे, कारण घाईत तो शून्यासारखा वाचला जातो आणि ४ युनिट इन्सुलिनचे ४० होतात. दशांश चिन्हानंतरचा उगाचचा शून्यही तिथे आहे: १.० मिलिग्रॅममधलं चिन्ह पुसट झालं की दहा होतात. केसपेपरवर शिकणाऱ्याला हे लवकर उमजतं, कारण त्याचं अक्षर दुसरं कुणीतरी वाचणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

या पद्धतीचे तोटेही आहेत. सुरुवात संथ होते. पहिल्या महिन्यात यादीवाल्या मित्राला दोनशे शॉर्टफॉर्म येत असतील, तुम्हाला चाळीस. फॉर्म भरून तपासणारा कुणी अनुभवी माणूस लागतो, आणि प्रत्येक संस्थेचा फॉर्म थोडा वेगळा असतो. जे आजार तुमच्या प्रसंगांत आलेच नाहीत त्यांचे शब्द राहून जातात. ती फट भरायला यादी हवीच.

तुमच्यासाठी कोणती?

परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर यादी घ्या, फक्त ती तुमच्या कोर्सच्या पुस्तकातून स्वतःच्या हाताने काढलेली असू द्या. तीन-चार वर्षांची पदवी करायची असेल तर पहिलं सत्र तुकड्यांना द्या, वेळ आहे. छोटा कोर्स करून लगेच कामाला लागायचं असेल तर केसपेपर, दुसरा विचार करू नका.

काम कुठे करणार यावरही ठरवा. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यांत २३३ एएलएस (प्रगत जीवरक्षक सोयींच्या) आणि ७०४ बीएलएस (प्राथमिक जीवरक्षक सोयींच्या). या गाड्यांवर डॉक्टर ठेवण्याची पद्धत आहे, तेव्हा तिथे शेजारी विचारायला कुणीतरी असतं. खासगी रुग्णवाहिकेत बऱ्याचदा चालक आणि तुम्ही एवढेच असता, आणि नंदुरबारहून मोठ्या शहरात रेफर केलेल्या रुग्णाचा कागद वाटेत तुम्हालाच वाचावा लागतो. त्या कामासाठी चिठ्ठीवरचे शब्द, म्हणजे ओडी, बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस, एचएस (झोपताना), स्टॅट (ताबडतोब), एसओएस, आणि जुन्या आजारांच्या इतिहासातले, म्हणजे डीएम (मधुमेह), एचटीएन (उच्च रक्तदाब), आयएचडी (हृदयाला रक्तपुरवठा कमी पडण्याचा आजार), सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), हे दोन गट कामावर रुजू होण्याआधीच पक्के करा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरना विनंती केली तर कोरा केसपेपर आणि रेफरचा फॉर्म दाखवतात. त्यावरचा प्रत्येक छापील शब्द उतरवून घ्या आणि पहिली वही त्यावरूनच सुरू करा.