नाशिक–पंढरपूर चार दिवसांची सायकल सहल: सकाळ चोख, संध्याकाळ ढिली

डिसेंबरात नाशिकहून निघणारी ही सहल सायकल चालवणाऱ्यांच्याच एका गटाची आहे. माणशी साडेसहा हजारांत तीन मुक्काम, नाश्ता, दोन वेळचं जेवण, सामानाला टेम्पो, सोबत एक मेकॅनिक आणि परतीची बस मिळते. सायकल आपली आपण आणायची. तीस-पस्तीस जण असतात. पहिला मुक्काम लोणी, दुसरा नगर, तिसरा करमाळा आणि चौथ्या दिवशी टेंभुर्णी, करकंब करत पंढरपूर. लोणी ते नगर हा टप्पा छोटा, पासष्टच्या आसपास. बाकीचे तिन्ही ऐंशी-नव्वद किलोमीटरचे. या पैशांत एवढं मिळणं रास्त आहे आणि रस्त्यावरची व्यवस्था तर खरोखर वाखाणण्यासारखी आहे. मुक्कामावरची मात्र तशी नाही. तिथली ढिलाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायडल मारताना भोवते, म्हणून हे सविस्तर लिहायला हवं.

आधी जे चांगलं आहे ते. नाशिकच्या द्वारका चौकातून सव्वासहाला निघतात, तेव्हा अंधार असतो. मागे लाल दिवा आणि अंगात चमकपट्ट्यांचं जॅकेट नसेल त्याला उजाडेपर्यंत थांबवतात, मग तो कोणीही असो. सगळ्यांची एकच लांब रांग करत नाहीत. आठ-आठ जणांच्या तुकड्या पाडतात आणि दोन तुकड्यांत दोन मिनिटांचं अंतर ठेवतात. यामागे साधा हिशेब आहे. ट्रकला आठ सायकली ओलांडून परत डावीकडे यायला जागा मिळते. पस्तीस सायकलींची सलग रांग असेल तर तो मध्येच आत घुसतो. प्रत्येक तुकडीत पुढे वाट दाखवणारा पायलट, सर्वांत मागे राहणारा स्वीप. स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही आणि पायलटला कोणी ओलांडायचं नाही, हे दोन नियम चारही दिवस पाळले जातात. ‘खड्डा’, ‘मागून गाडी’, ‘थांबतोय’ हे तीन पुकारे पुढून मागे आणि मागून पुढे प्रत्येकाने द्यायचे. नवख्यांना पहिल्या तासाभरात ते अंगवळणी पडतं.

टेम्पो मागे मागे रेंगाळत नाही, हे आणखी चांगलं. हळू चालणारा टेम्पो मागे असला की त्याला ओलांडणारी वाहनं नेमकी सायकलींच्या अंगावर येतात. इथे टेम्पो वीस किलोमीटर पुढे जाऊन पाणी आणि केळी मांडून थांबतो, शेवटचा स्वीप पोचला की पुढच्या थांब्याला निघतो.

पहिल्या दिवशी शिंदे-पळसे मागे टाकल्यावर मोहदरीचा घाट लागतो. घाट लांब नाही, पण माळेगाव एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या बसगाड्या आणि ट्रक त्याच वेळी चढत असतात. इथे तुकड्या मोडू देतात, ज्याने त्याने आपल्या गतीने चढायचं आणि माथ्यावर जमायचं. हे बरोबर आहे. चढावर दुसऱ्याच्या गतीने जायला गेलं की पाय पहिल्या तासातच भरून येतात. मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचातलं, सर्वांत मोठं चक्र ३२ किंवा ३४ दातांचं असेल तर कोणालाही जड जाऊ नये. २५ किंवा २८ दातांवर आलेले रोड बाइकवाले, म्हणजे वेगासाठीच्या हलक्या सायकलीवाले, उभं राहून चढतात आणि दुपारनंतर गुडघे धरतात. नोंदणीच्या वेळीच हे विचारून घेतलं तर बरं. सध्या फक्त सायकलची कंपनी विचारतात.

पंक्चरबद्दल जास्त लिहावं लागेल. चार दिवसांत सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो. आडरस्त्याला बाभळीचा काटा हे कारण असतं, तो दिसतो तरी. महामार्गाच्या कडेला खरा शत्रू ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली तार. केसाएवढी बारीक तार टायरमध्ये रुतते, बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलली तरी दहा किलोमीटरवर तीच तार नवी ट्यूब फोडते. मेकॅनिकला हे पक्कं माहीत आहे. तो ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवरच्या नावासमोर आहे का ते पाहतो, ट्यूबमधलं छिद्र सापडलं की तेवढ्याच अंतरावर टायर तपासतो आणि आतून बोट न फिरवता कापसाचा बोळा फिरवतो. कापूस अडकला की तिथे तार. ती चिमट्याने ओढून काढायची. दोन समांतर छिद्रं दिसली तर तार शोधत बसत नाही, कारण तो हवा कमी असल्याचा पुरावा असतो. खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटली जाते. ३२ ते ३५ मिलीमीटरच्या टायरला वजनानुसार ६० ते ७५ पीएसआय हवा, एमटीबीच्या (डोंगरी सायकलीच्या) जाड टायरला ४० ते ५०. रोज सकाळी पंपाच्या काट्यावर बघायची, अंगठ्याने दाबून नव्हे.

रस्त्यावर पॅच लावत नाहीत, ट्यूब बदलतात. पॅच संध्याकाळी. सोल्युशन लावून तीन-चार मिनिटं वाळू द्यावं लागतं. घाईत ओलसर सोल्युशनवर चिकटवलेला पॅच हवा भरताच कडेने सुटतो. आपल्या मापाच्या दोन ट्यूब प्रत्येकाने आणायच्या असा नियम आहे आणि तो योग्य आहे. कमी पडतं ते व्हॉल्व्हचं भान. गटात तीन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात: बारीक प्रेस्टा, मोटरसायकलसारखा जाड आणि देशी सायकलचा रबरी नळीवाला. टेम्पोतला मोठा पंप पहिल्या दोघांना चालतो. देशी व्हॉल्व्हवर तो नीट बसला नाही तर गावातलं सायकलचं दुकान शोधावं लागतं. पितळी अडॅप्टर मिळतो, तो खिशात ठेवून यावं. डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, तर बहुतेक मॉडेलचा वेगळा असतो, मेकॅनिककडे तो असण्याची अपेक्षाच करू नये.

दुसऱ्या दिवशी कोल्हार ते राहुरी हा साखर कारखान्यांचा पट्टा. हंगाम चालू असतो, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, जुगाड गाड्या आणि उसाच्या बैलगाड्या पहाटेपासून रस्त्यावर असतात. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. उसाची टोकं बाजूला हात-दीड हात बाहेर आलेली असतात आणि चालवणाऱ्याने गाणी इतकी मोठ्याने लावलेली असतात की सायकलची घंटा त्याला ऐकू जात नाही. म्हणून ट्रॉली कधीही डावीकडून ओलांडायची नाही, रस्ता रिकामा असला तरी. उजवीकडून, एकेकाने, मागचं पाहून. रस्त्यावर पडलेलं पाचट आणि उसाचे तुकडे पुढच्या चाकाखाली आले की चाक घसरतं, त्यामुळे ट्रॉलीच्या मागे किमान तीन सायकलींचं अंतर. या दिवशी आयोजकांनी मुद्दाम उशिरा, सात वाजून गेल्यावर, पूर्ण उजेडात निघायचं ठरवलं आहे. टप्पा छोटा आहे म्हणून ते परवडतं. असे निर्णय रस्ता ओळखणारा माणूसच घेतो.

नगर सोडल्यावर रुईछत्तिशी, मिरजगाव, करमाळा. दोन्हीकडे ज्वारी, झाडी विरळ, आणि दहानंतर वारा. हिवाळ्यात तो पूर्वेकडून, म्हणजे करमाळ्याकडे जाताना डाव्या अंगाने आणि थोडा समोरून लागतो. पुढच्याचा आडोसा घ्यायचा तर त्याच्या मागे पण किंचित उजवीकडे राहावं लागतं. म्हणजे नेमकं वाहनांच्या बाजूला. न सांगताही माणसं तिकडे सरकतात आणि तिसऱ्या-चौथ्या सायकलपर्यंत तुकडी अर्धी लेन व्यापते. इथे पायलटने सरळ एकेरी रांग धरायला लावावी, आडोसा थोडा कमी मिळाला तरी चालेल. पुढचा माणूस दर दहा मिनिटांनी बदलावा. काही पायलट हे नेटाने करतात. काही स्वतःच पुढे राहून दमतात आणि मग पूर्ण तुकडी मंदावते. सगळ्या पायलटांना एकच सूचना मिळायला हवी.

खाण्याची व्यवस्था बहुतांशी शहाणपणाची. निघण्याआधी मिसळ खाण्याचा नाशिककरांचा आग्रह आयोजकांनी मोडून काढला आहे, त्यांचे आभार. तर्रीवर घाट चढला की सिन्नरच्या आधी छातीत जळजळ सुरू. त्याऐवजी निघताना चहा, केळं, राजगिऱ्याचा लाडू आणि सिन्नरला पोहे. पुढे दर थांब्यावर केळी, खजूर, चिक्की. तासाला दोन केळी म्हणजे साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं, या वेगाला पुरेशी. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरतं. ओआरएस वीस लिटरच्या जारमध्ये वीस पुड्या टाकून तयार ठेवतात. ही पद्धत आवडली. एक लिटरची पुडी जो तो आपल्या लहान बाटलीत ओततो, द्रावण घट्ट होतं आणि मळमळतं. दुपारचं जेवण मुक्काम गाठल्यावरच. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, करमाळ्याला ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. तक्रारीला जागा नाही.

आता संध्याकाळ. टेम्पो प्रत्येक थांब्यावर शेवटच्या स्वीपची वाट पाहतो, म्हणून मुक्कामालाही उशिराच पोचतो, आणि सगळ्यांच्या बॅगा त्याच टेम्पोत असतात. पहिली तुकडी एकच्या सुमारास मंगल कार्यालयात पोचते, बॅग मिळते तीन-साडेतीनला. तोवर घामाच्या कपड्यांत बसायचं. अंघोळ आणि कपडे धुणं होईपर्यंत ऊन उतरलेलं असतं, पॅडवाली चड्डी रात्रीच्या थंडीत वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी ओलसरच चढवावी लागते. त्यातून मांड्यांना घासून तिसऱ्या दिवशी फोड येतात. लोक सीटला दोष देतात, मूळ कारण बॅग उशिरा मिळणं. उपाय दोन. आयोजकांनी बॅगांसाठी वेगळी छोटी गाडी थेट मुक्कामाला पाठवावी, खर्च थोडा वाढला तरी चालेल. तोपर्यंत आपण तीन चड्ड्या न्याव्यात, धुतल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळाव्यात, आत अंतर्वस्त्र घालू नये आणि सकाळी पेट्रोलियम जेली लावावी.

सायकलींचंही तसंच. पोचल्या की मांडवात एकमेकींना टेकवून ठेवतात, तपासणी होत नाही. मेकॅनिक एकटा. रात्री जेवणानंतर नऊ वाजता त्याच्यापुढे रांग लागते आणि साडेदहाला तो टॉर्च धरून ब्रेक जुळवत असतो. सूक्ष्म गळती असलेली ट्यूब रात्रभरात बसते, ती सकाळी निघताना दिसते आणि पूर्ण तुकडी पंधरा मिनिटं खोळंबते. प्रत्येक तुकडीच्या स्वीपने पोचताच पाच मिनिटं दिली तरी हे टळेल. दोन्ही टायर दाबून पाहायचे, चाक उचलून फिरवायचं, ब्रेक पॅड आणि स्पोक चाचपायचे, बिघाड असलेल्या सायकली वेगळ्या लावायच्या. चेनला तेलसुद्धा तेव्हाच. प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला थेंब, पायडल उलटं फिरवायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी वरचं तेल फडक्याने पुसून काढायचं. सकाळी घाईत ओतलेलं तेल धूळ ओढतं आणि दुपारपर्यंत चेन काळी पडून करकरते.

झोपायला गाद्या स्वच्छ, पांघरुणं पातळ. स्लीपिंग बॅग न्यावी. चार्जिंगचे पॉइंट कार्यालयात मोजकेच असतात. चार सॉकेटची एक्सटेन्शन दोन-तीन जणांनी मिळून आणली तर दिवे आणि फोन रात्रीत भरून निघतात.

चौथ्या दिवशी टेंभुर्णीला पुणे–सोलापूर महामार्ग ओलांडावा लागतो. तिथे स्वयंसेवक उभे करून एकेक तुकडी पार करतात, व्यवस्था चोख. पंढरपुरात दर्शनाला दीड-दोन तास देतात, गर्दीच्या दिवशी ते पुरत नाहीत.

परतीला सायकली ट्रकने येतात आणि इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. सायकली आडव्या, एकीवर एक रचतात, मध्ये घोंगडी घालतात तीही पुरेशी नाही. डिस्क ब्रेकची चकती वाकते, हँगर वाकतो आणि नाशिकला उतरवल्यावर गिअर उडी मारतो. भरताना स्वतः उभं राहावं. सायकल उभी, एकाआड एक उलट्या दिशेने, चेनची बाजू बाहेर. पायडल काढून पिशवीत, हँडल फिरवून फ्रेमला समांतर, फ्रेमच्या मध्ये जुनी ट्यूब गुंडाळून. पुढचं चाक काढलं आणि ब्रेक हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर दोन्ही पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा घालायचा. वाटेत कोणाच्या हाताने ब्रेकचा दांडा दाबला गेला तर पॅड चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पंधरा एमएमचा पाना आणि अॅलन की हातातल्या पिशवीत ठेवा, टेम्पोतल्या बॅगेत नको.