अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा : मुलाखतीपेक्षा अर्ज महत्त्वाचा

न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीकडे जाण्यासाठी मी आणि माझ्या पत्नीने केलेले अमेरिकेच्या बी-१/बी-२ व्हिसाचे अर्ज अलीकडेच मंजूर झाले. यातील बी-१ हा प्रकार व्यावसायिक बैठका, परिषदा आणि कराराच्या बोलण्यांसाठी असतो, तर बी-२ पर्यटन, नातेवाइकांच्या भेटी व वैद्यकीय उपचार यांसाठी असतो. भारतीयांना बहुधा दोन्ही एकत्र आणि दहा वर्षांच्या मुदतीचे दिले जातात. या सगळ्या व्यवस्थेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. एजंटाला मात्र एकही देणार नाही.

कारण सुरुवात आम्ही त्याच्यापासूनच केली होती. आमच्या शहरातील त्या गृहस्थांनी दोघांचे डी.एस.-१६० अर्ज (व्हिसासाठी संकेतस्थळावर भरायचा अर्ज) अर्ध्या तासात भरून पाठवूनही दिले. घरी येऊन प्रत वाचली, तेव्हा ‘पूर्वी दुसरे नाव वापरले आहे का’ या प्रश्नापुढे पत्नीच्या अर्जात ‘नाही’ असे उत्तर आढळले. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते आणि आमच्या पिढीत तर कित्येकींचे पहिले नावही तांदळाच्या ताटात नव्याने लिहिले गेले. माझ्या पत्नीच्या पदवी प्रमाणपत्रावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव यांत एकही शब्द सारखा नाही. अर्ज भरण्यास कोणाची मदत घेतली का, या प्रश्नालाही त्यांनी ‘नाही’ असेच उत्तर दिले होते! अर्जातील माहिती खरी असल्याची ग्वाही आपल्या नावाने दिली जाते आणि खोट्या माहितीचे परिणाम आपल्यालाच भोगावे लागतात, एजंटाला नव्हे.

एकदा पाठवलेला अर्ज दुरुस्त करता येत नाही, नवा भरावा लागतो. तो आम्ही स्वतः भरला, आणि तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे हे संकेतस्थळ जुन्या घडणीचे आहे. सुमारे वीस मिनिटे काही केले नाही की ते आपल्याला बाहेर काढते, त्यामुळे प्रत्येक पान जतन करणे आणि सुरुवातीलाच मिळणारा अर्ज क्रमांक कागदावर उतरवून ठेवणे आवश्यक आहे. पासपोर्टवर असते तसे नाव व आडनाव लिहायचे असते, मधल्या नावासाठी वेगळा रकाना नाही. मातृभाषेच्या लिपीत पूर्ण नाव लिहिण्याचा रकाना मात्र आहे, आणि तिथे देवनागरीत नाव टंकताना उगाचच बरे वाटले. आईवडिलांच्या जन्मतारखा विचारल्या जातात. आमच्या दोघांच्याही घरी त्या कोणालाच ठाऊक नव्हत्या, पण ‘माहीत नाही’ अशी खूण करण्याची सोय आहे आणि अंदाजाने तारीख घालण्यापेक्षा तीच योग्य. गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरील खातीही द्यावी लागतात. शेवटी सुरक्षाविषयक प्रश्नांची रांग लागते. उभ्या आयुष्यात सिग्नलही न मोडलेल्या पत्नीला ‘तू दहशतवादी संघटनेची सदस्य आहेस का’ असे गंभीरपणे विचारण्याचा प्रसंग माझ्यावर आला.

शुल्क माणशी १८५ डॉलर आहे. जून २०२३ पूर्वी ते १६० होते. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही, आणि माझ्या कापलेल्या गुणांपैकी अर्धा यासाठी आहे. उरलेला एक मुलाखतीच्या तारखेच्या प्रतीक्षेसाठी. २०२२-२३ मधील ५०० दिवसांहून अधिक काळाची प्रतीक्षा आता नसली, तरी तारीख मिळेपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये. मुलाखतीची वेळ ठरवताना अर्जाच्या बारकोडचा क्रमांक नीट तपासावा. आमच्यासारखा अर्ज नव्याने भरला असेल, तर जुना क्रमांक चुकून राहण्याची शक्यता असते.

मुंबईत दोन भेटी असतात, त्याही वेगवेगळ्या दिवशी: आधी बोटांचे ठसे व छायाचित्र, मग वाणिज्य दूतावासात मुलाखत. मुंबईबाहेरच्यांना त्यामुळे मुक्कामाची सोय करावी लागते. वांद्रे-कुर्ला संकुलातील दूतावासात मोबाइल नेता येत नाही, म्हणून तो मुक्कामीच ठेवावा आणि परतताना कुठे भेटायचे हे सोबतच्या माणसाशी आधीच ठरवून घ्यावे. रांग लांब दिसली तरी पुढे सरकत राहते.

मुलाखत मराठीतून देता येते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पत्नीने तसे सांगितले आणि काचेपलीकडून मराठीतच प्रश्न आले: कोणाकडे जाता, किती दिवस राहणार, मुलगी काय करते, खर्च कोण करणार. तीन मिनिटांत सगळे आटोपले. सातबारा, ठेवींच्या पावत्या आणि पेन्शनच्या कागदांनी फुगलेली आमची फाइल कोणी मागितली नाही. कायदा मात्र कडक आहे. तेथील स्थलांतर कायद्याच्या २१४(बी) या कलमानुसार प्रत्येक अर्जदार कायमचे राहायला येत आहे असेच आधी गृहीत धरले जाते, आणि परत येण्याइतके पाश मायदेशी आहेत हे त्याने पटवून द्यायचे असते. पण त्यासाठी अधिकाऱ्यासमोर आपला अर्ज आधीपासून उघडा असतो. उत्तरे त्याच्याशी जुळतात की नाही, हे तो पाहतो. एजंटाने भरलेला अर्ज न वाचताच तिथे उभे राहिलो असतो, तर नावाच्या साध्या प्रश्नावरही पत्नी अडखळली असती.

पासपोर्ट ठेवून घेतले, म्हणजे बहुधा होकार. नकार असेल तर ते कारणाच्या चिठ्ठीसह लगेच परत देतात. आमचे काही दिवसांनी व्हिसा चिकटवून मिळाले. त्यावरील दहा वर्षांची मुदत प्रवेशासाठी आहे, राहण्यासाठी नाही. मुक्कामाची शेवटची तारीख उतरल्यावर विमानतळावरील अधिकारी ठरवतो, ती बहुधा सहा महिन्यांनंतरची असते आणि आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत संकेतस्थळावर पाहता येते. तिथे पोहोचलो की मुलीला सर्वांत आधी तीच उघडून पाहायला सांगितले आहे.