साध्या सेटिंगच्या नावाखाली आई-बाबांकडून उकळलेले पैसे

केबलचा किंवा डिशचा माणूस घरी येऊन "काका, तुमची वायरच साधी आहे, त्यामुळे चित्र असं दिसतंय" म्हणाला, तर पैसे काढण्याआधी त्याला सेट-टॉप बॉक्सचं रिझोल्यूशनचं, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं पाठवायचं ते ठरवणारं, पान उघडून दाखवायला सांगा. माझ्या आई-बाबांना हे सांगणारं कोणी नव्हतं. त्यांच्याकडून जे पैसे घेतले गेले ते ज्या दुरुस्तीसाठी घेतले, ती दुरुस्ती रिमोटवर मिनिटभरात होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

आई-बाबा मिरजेला असतात, मी पुण्यात. त्यांचा ४३ इंची फुल एचडी टीव्ही चांगला चालू आहे. जुना बॉक्स बंद पडला म्हणून केबलवाल्याच्या माणसाने नवा एचडी बॉक्स बसवून दिला, आणि त्या दिवसापासून चित्र पुसट झालं. बातम्यांच्या खालची पट्टी अर्धी कापली जायची, मालिकेतल्या बायकांचे चेहरे धुरकट दिसायचे. आईचे डोळे आधीच अधू, तिला वाटलं मोतीबिंदू वाढला. पैशांपेक्षा मला याचाच जास्त संताप येतो.

बाबांनी फोन केल्यावर तोच माणूस आला. त्याने बॉक्सपासून टीव्हीपर्यंत चित्र नेणारी एचडीएमआय केबल काढून हातात धरली, "ही लोकल आहे" म्हणाला आणि पिशवीतून सोनेरी पिनांची केबल काढली. ती लावली, मग "सिग्नल रिफ्रेश करतो" म्हणत रिमोटवर बरीच बटणं दाबली. चित्र एकदम लख्ख झालं. समोर दिसलेला फरक कोण नाकारणार? १,९०० रुपये त्याने स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतले. पावती नाही.

पुढे पॅक बदलायच्या निमित्ताने तो पुन्हा येऊन गेला आणि त्यानंतर चित्र परत पुसट झालं. या वेळी कारण नवं होतं: "काका, टीव्हीचा पॅनल कमजोर होत चाललाय. आता फोर-के बॉक्स घ्या, म्हणजे पॅनलवर लोड येणार नाही. नाहीतर पॅनलचेच चौदा हजार जातील." बॉक्ससाठी २,००० रुपये आगाऊ घेऊन तो गेला.

दिवाळीला घरी गेल्यावर मी टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं. एचडी वाहिनी चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात ५७६आय असं आलं. बॉक्सच्या मेनूत सेटिंग्ज, त्यात डिस्प्ले, त्यात एचडीएमआय रिझोल्यूशन. तिथे ५७६आय निवडलेलं होतं. ते १०८०आय केलं आणि चित्र लख्ख झालं. मग शोकेसच्या खणात पडलेली जुनी 'लोकल' केबल काढून लावली. चित्र तितकंच लख्ख. पुन्हा सोनेरी केबल लावून सेटिंग ५७६आय केलं, तर तोच धुरकट चेहरा. आई शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे वायरीचं काही नव्हतंच गं." वायर बदलताना त्याने सेटिंगही बदललं होतं. आम्हाला दाखवली ती फक्त वायर.

यामागचं गणित सोपं आहे. फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. ५७६आय ही आपल्याकडच्या जुन्या साध्या टीव्हीची मोजपट्टी, त्यात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२०. बरोबर एक-पंचमांश. आपल्याकडे एचडी वाहिन्या साधारणपणे १०८०आयमध्ये येतात. बॉक्सचं सेटिंग ५७६वर असेल तर बॉक्स ते चित्र आधी लहान करतो आणि टीव्ही त्याला ताणून पुन्हा पडदाभर पसरवतो. मधे गेलेला बारकावा परत येत नाही, चिपाडातून दुसऱ्यांदा रस निघत नाही तसा. एचडी पॅकचे पैसे मात्र दर महिन्याला जातच राहतात.

म्हणून आपला पडदा कोणता आहे ते आधी माहीत हवं. खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. फुल एचडी असेल तर १०८०आय किंवा १०८०पी ठेवा. 'आय'मध्ये चित्राच्या एकाआड एक ओळी दोन हप्त्यांत येतात, 'पी'मध्ये अख्खं चित्र एकदम येतं. दोन्हींत चांगलं कोणतं हे कबड्डी किंवा क्रिकेट लावून पाहा. आडव्या ओळी जुळवून अख्खं चित्र बनवण्याचं काम १०८०आयमध्ये टीव्ही करतो, १०८०पीमध्ये बॉक्स, आणि कोणाला ते नीट जमतं हे हलत्या चित्रातच कळतं. 'एचडी रेडी' म्हणून विकलेल्या बऱ्याच ३२ इंची टीव्हींचा पडदा १,३६६ गुणिले ७६८ असतो. बॉक्समध्ये ७६८ असा पर्याय सापडत नाही, त्यामुळे ७२०पी आणि १०८०आय दोन्ही लावून डोळ्यांना बरं वाटेल ते ठेवायचं. टीव्ही फोर-के असला तरी १०८० पुरतं, कारण फोर-के पडद्यावरचे आडवे ३,८४० ठिपके १,९२०च्या नेमके दुप्पट आहेत आणि मोठं करण्याचं काम टीव्ही स्वतः करतो. फोर-के बॉक्स आणला म्हणून एचडी वाहिनी फोर-के होत नाही. आणि बॉक्समुळे पॅनलवर 'लोड' येतो ही शुद्ध थाप आहे.

सोनेरी केबलचंही तसंच. एचडीएमआयमधून अंक जातात. हात-दोन हात अंतरावर साधी, धड केबल ते पूर्ण पोहोचवते. केबल खराब असेल तर चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके येतात, चित्र तुटतं किंवा पडदा काळा होतो. सगळं चित्र सारखंच धुरकट दिसलं तर केबलवर संशय घेण्याचं कारण नाही. एक अपवाद आहे: एचडी बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडलेला असेल तर त्यातून एचडी येऊच शकत नाही. तिथे एचडीएमआय केबल खरंच लागते, पण ती आपण दुकानातून दोन-तीनशेत आणावी.

खालची पट्टी कापली जात होती ती टीव्हीच्या सेटिंगमुळे. पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडल्यावर पूर्ण चित्र दिसू लागलं. साध्या, एचडी नसलेल्या वाहिन्या कोणत्याही सेटिंगला थोड्या मऊच दिसतात, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सेटिंग बदलताना पडदा काळा झाला तर घाबरून कोणाला बोलावू नका, काही हलवू नका. टीव्हीला न झेपणारा पर्याय निवडला गेलेला असतो, आणि बरेच बॉक्स काही सेकंदांत आपोआप जुन्या सेटिंगवर येतात.

मी दोन्ही सेटिंगांचे आणि दोन्ही केबलींचे फोटो काढले, मोबाइलवरून गेलेल्या पैशांच्या नोंदी काढल्या आणि केबलच्या ऑफिसात गेले. आधी उत्तर मिळालं, "तो आमचा माणूस नाही." बॉक्स बसवल्याची त्यांचीच नोंद पुढे केल्यावर आगाऊ घेतलेले २,००० परत मिळाले. केबलचे १,९०० द्यायला ते तयार नाहीत, त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार केली आहे. तक्रार क्रमांक बाबांच्या डायरीत लिहून ठेवलाय.

आईने भिशीत हे सगळं सांगितल्यावर गल्लीतल्या आणखी एका काकूंच्या टीव्हीमागे तशीच सोनेरी केबल निघाली. त्या एकट्या राहतात आणि त्यांना फोर-के बॉक्सही विकला गेलाय. त्यांची तक्रार मी येत्या रविवारी भरून देणार आहे. मिरज-सांगलीत कोणाकडे असंच झालं असेल तर पैसे दिल्याची नोंद आणि रिझोल्यूशनच्या पानाचा फोटो आधी जपून ठेवा, सेटिंग त्यानंतर बदला.