ऱ्योनडॉर्फचे आडेनाउअर निवास: चान्सेलरच्या आधीचा महापौर

बॉनहून बाड होनेफकडे जाणाऱ्या ६६ क्रमांकाच्या ट्रामने ऱ्योनडॉर्फला उतरले की डोंगरउतारावरचे कोनराड आडेनाउअर यांचे घर आणि त्याच्या पायथ्याचे संग्रहालय पायीच गाठता येते. पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सेलर म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण माझ्या मते या जागेचे खरे मोल त्याआधीचा माणूस, म्हणजे कायदा शिकून १९०६ मध्ये कोलोनच्या नगरप्रशासनात शिरलेला आणि १९१७ ते १९३३ महापौरपद सांभाळणारा ऱ्हाइनलँडचा पुढारी, समजून घेण्यात आहे.

पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई असताना या वकिलाने मका, जव आणि तांदळाच्या पिठाचा पाव तयार करून १९१५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे त्याने कोलोनचे विद्यापीठ १९१९ मध्ये पुन्हा सुरू करवले, शहराभोवती हरित पट्टा राखला आणि १९३२ मध्ये कोलोन-बॉन मोटारमार्ग खुला केला. जर्मनीतले मोटारमार्ग हिटलरनेच सुरू केले असे अनेकदा मानले जाते; म्हणून हा मार्ग तो सत्तेवर येण्यापूर्वीचा आहे, हे आवर्जून लक्षात ठेवावे. नाझींनी १९३३ मध्ये त्यांना पदावरून हटवले. १९३७ मधले हे घर उभे राहिले ते निवृत्तिवेतनाबाबत कोलोन शहराशी दीर्घकाळ भांडून मिळवलेल्या भरपाईतून, आणि त्या चिकाटीत मला मुरलेला वकील दिसतो. १९४५ मध्ये अमेरिकनांनी त्यांना पुन्हा महापौर केले, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिशांनी अकार्यक्षमतेचा ठपका ठेवून काढून टाकले. राजकारणाला याहून मोठी थट्टा सुचली नसती.

घर ऐसपैस नाही. पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत गुलाब आहेत, लाकडी चेंडूंच्या बोच्चा खेळासाठी आखलेली पट्टी आहे, आणि आत चर्चिल यांनी स्वतः रंगवून भेट दिलेले चित्र आहे. आडेनाउअर यांच्या नावाचा गाजलेला गुलाब त्यांनीच निर्माण केला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो एका व्यावसायिक रोपवाटिकेचा आहे.

घर मार्गदर्शकासोबतच पाहता येते, म्हणून फेरीची वेळ आणि भाषा आधी विचारून घ्यावी. घरापर्यंत बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागत असल्याने गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी खालच्या प्रदर्शनावरच समाधान मानलेले बरे. जवळच्या वनदफनभूमीत त्यांची कबर आहे; तिथे जायचे असेल, तर चढाचा वेळ वेगळा धरावा.