सव्वा किलोचा लॅपटॉप अन् गेम: वर्षभर वापरून सांगून राहिलो

मी दर्यापूरकडचा, कॉलेजले रोज येष्टीनं अमरावती अप-डाऊन. म्हणून मागच्या जूनमधी मुद्दाम पातळ लॅपटॉप घेतला, सव्वा किलोचा. दुकानदाराले तीनदा विचारलं, भाऊ गेम चालते ना? तो म्हणे सगळे चालते, टेन्शन नको घेऊ. चालते अन् खेळता येते यात लय फरक असते, हे मले घरी येऊन समजलं. कंपनीचं नाव नाई घेत, कारण या पातळ लॅपटॉपाईची गोष्ट सगळीकडे जवळपास एकच आहे.

ह्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसते. प्रोसेसरच्या आतलंच ग्राफिक्स, अन् त्याले स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनवारी करते. माझ्यात रॅमची ८ जीबीची एकच कांडी होती. जीटीए फाईव्ह टाकला तं स्क्रीनची बारकाई ७२० वर उतरवून सगळं लो करूनही एफपीएस (म्हणजे सेकंदाले किती चित्रं दिसते ते) तीसच्या खाली, गाडी वळवली की चित्र अडकून राह्यलं. मंग एका मित्रानं डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवलं, तिथं ग्राफिक्स यूएचडी, म्हणजे इंटेलचं साधंवालं, लिहून होतं. रिकाम्या स्लॉटमधी अजून ८ जीबीची कांडी टाकली, अन् तिथंच नाव बदलून आयरिस एक्सई, म्हणजे इंटेलचंच तगडंवालं, आलं! चिप तीच, फक्त रॅम दोन चॅनलवर आली, म्हणजे डेटा दोन रस्त्यानं संगंच येऊन राह्यला. आता तोच गेम पंचेचाळीसच्या आसपास चालते. दुकानदारानं हे एक वाक्य सांगितलं असतं तं माझे दोन महिने वाचले असते. काही मॉडेलमधी रॅम बोर्डालेच चिकटवलेली असते, मागून काहीच टाकता येत नाई, म्हणून घेतानाच स्लॉट आहे का विचारा.

व्हॅलोरंट मस्त चालते, तो हलकाच गेम आहे, सर्व्हरही मुंबईचा भेटते. माइनक्राफ्टही ठीक. नवीन मोठमोठ्या गेमाईचा मात्र विषयच सोडा.

हे सगळं पावसाळ्या-हिवाळ्यातलं झालं. मे महिन्यात काय होते ते आयका. आमचं घर टिनाचं, बाहेर पंचेचाळीस, दुपारी अंदरही चाळीस. गेम सुरू केला की पहिले दहा मिनिटं झकास, मंग एकदम पंचवीस एफपीएस. हे बिघाड नाई बरं. अंदरचा पंखा खोलीतलीच हवा फेकते, अन् खोलीच तापून राह्यली तं तो बिचारा काय करन? चिप शंभर डिग्रीच्या जवळ गेली की स्वतःले वाचवायले स्वतःच हळू होते. जाड लॅपटॉपात दोन पंखे अन् तांब्याच्या जाड नळ्या असते, ह्यात एक बोटभर पंखा. गेममधी पुढं चालायच्या डब्ल्यूच्या बटनावर बोट ठेवलं तं तव्याच्या कडेले लागल्यासारखं होते. मी एकदा कूलर लॅपटॉपकडे वळवला तं आई म्हणे, कूलर आमच्यासाठी आणला का त्या डब्बीसाठी?

यावर उपाय असा: विंडोजच्या पावर ऑप्शनमधी मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं की टर्बो, म्हणजे प्रोसेसरची जास्तीची धाव, बंद होते, वरून एफपीएस ४० वर बांधून टाकला, खाली पाट अन् मागच्या पायाखाली बाटलीची दोन झाकणं. आता चाळीस म्हणजे चाळीस, खालीवर नाई. गादीवर ठेवून तं खेळूच नका, खालच्या जाळ्या बंद होते.

लाइट गेली तरी लॅपटॉप चालू राह्यते हे बरं, पन बॅटरीवर गेम अर्धामुर्धाच चालते अन् दीड तासात खलास. तसंही लाइटसंगं वायफायही जाते, मंग ऑनलाइन गेम कुठून खेळता.

आता आमच्याकडची खास भानगड. दिवाळीनंतर बाबानं भाव वाढल म्हणून कापूस घरातच भरून ठेवला, अर्धी खोली छतालोक, अन् मी त्याच ढिगाले टेकून गेम खेळत बसायचो. अंगाले खाज सुटते ते तं माहीतच आहे, पन जानेवारीत थंडीतही लॅपटॉप भर मे सारखा तापायले लागला अन् पंखा भुंग्यासारखा ओरडे. सर्व्हिसवाला नुसतं खोलायचे बाराशे म्हणे. मी घरीच स्क्रू काढले, पाह्यतो तं पंख्याच्या तोंडावर रुईची मळकट गादी, वातीसारखी ओढली तं अख्खी एका झटक्यात निघाली. जुन्या टूथब्रशनं जाळी साफ केली, चालू केला, आवाज गायब. आई ते हातात घेऊन म्हणे, ह्याची तं दिव्याची वात होते.

तवापासून लॅपटॉप स्वयंपाकघरात, कापूस खोलीत. भाव अजून वाढला नाई.